तोलून घातलेला घास

यावलच्या बसस्टँडमागच्या वस्तीत लिलाबाई सुरवाडेला लोक आता 'काटेवाली' म्हणतात. तोंडावर नाही म्हणत. तोंडावर 'काकू', 'वहिनी', 'जय भीम' सगळं रीतीनं चालतं. पण ती पिशवी घेऊन गल्लीतून पुढे गेली की ओट्यावरची एखादी बाई दुसरीला हलकेच म्हणते, "काटेवाली गेली." नव्या सुनांना वाटतं, बाईचं पूर्वी भाजीचं दुकान असेल. मग त्यांना कोणीतरी सांगतं, की ही नवऱ्याला तोलून जेवू घालायची, भाकरीचं पीठसुद्धा काट्यावर मोजायची, शेवटी तो बिचारा बहिणीच्या घरी जाऊन पोटभर जेवला आणि तिथंच गेला. एवढ्यात गोष्ट संपते. ऐकणारी "अगं बाई" म्हणते आणि कामाला लागते.

खरी गोष्ट याहून लांब आहे, आणि ती ऐकायला कोणाला वेळ नाही.

एके काळी याच वस्तीत लिलाबाईच्या हाताला मान होता. विहारात वैशाख पौर्णिमेचं जेवण असो की कोणाच्या लग्नाची हळद, चुलीपुढं तीच. हिवाळ्यात शेतात भरताचा बेत ठरला, की पुरुष माणसं कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटवून त्यात वांगी लोटायची, पण मिरची, लसूण, शेंगदाणे आणि मिठाचा हात लिलाबाईचाच लागायचा. भलं मोठं पातेलं पुढ्यात आलं की ती पदर खोचायची, मुठीनं मीठ घ्यायची आणि बोटं जराशी सैल सोडून पातेल्यावरून हात फिरवायची. चाखून बघायची गरज नसायची. "किती टाकलं वं?" असं कोणी विचारलं तर तिला सांगता यायचं नाही. "हाताले कळते," एवढंच म्हणायची.

नवरा बन्सीलाल एसटीत ड्रायव्हर होता. यावल-चोपडा, यावल-जळगाव, कधी धुळ्याची मुक्कामी गाडी. धिप्पाड गडी, गाडी चालवायला शांत आणि खाण्याला तितकाच घायकुता. कुठल्या ढाब्यावर शेवभाजीचा रस्सा खरा झणझणीत आणि कुठं नुसताच लाल, हे त्याला रस्त्यावरच्या गतिरोधकांसारखं पाठ. घरी आला की चपला काढायच्या आधी दारातूनच विचारायचा, "काय शिजू राह्यलं?" त्या दोघांत गोड बोलणं फारसं कधी नव्हतं. सिनेमाला गेले नाहीत, फिरायला गेले नाहीत. तो जेवायचा, ती वाढायची. शेवटचा घास खाऊन तो बोटं चाटायचा आणि ती मुद्दाम दुसरीकडे बघायची. त्यांच्या संसारात जे काही होतं, ते एवढ्यात होतं.

निवृत्त झाल्यावर त्याच्या पायांवर सूज यायला लागली. बीपीच्या गोळ्या त्यानं नोकरीत असताना कधी धड घेतल्या नव्हत्या. जळगावच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, सोनोग्राफी केली आणि सांगितलं की दोन्ही किडन्या बऱ्याच खराब झाल्या आहेत, परत नीट होणार नाहीत. पण पथ्य काटेकोर पाळलं तर डायलिसिसच्या मशीनवर जायची वेळ काही वर्षं लांबवता येईल. 'काटेकोर' हा शब्द डॉक्टरांनी लिलाबाईकडे बघून उच्चारला, बन्सीलालकडे बघून नाही.

मग आहार सांगणाऱ्या मोहिनी मॅडमकडे पाठवलं. मॅडम तरुण होत्या, बोलायला गोड होत्या. लिलाबाईनं विचारलं, "डाळ एक वाटी चालंल का?"

"काकू, कोणती वाटी?" मॅडम म्हणाल्या. "तुमची वाटी वेगळी, माझी वेगळी. कोणी शिगोशीग भरतं, कोणी सपाट. यांच्या बाबतीत तो फरकच महागात पडेल. ग्रॅममध्ये मोजायचं. डाळ, पीठ, भाजी, मीठ, सगळं." मग त्यांनी काय बंद ते सांगितलं. शेंगदाणे बंद, पापड-लोणचं बंद, नारळाचं पाणी बंद, आणि केळी पूर्ण बंद. केळीत पोटॅशियम असतं, किडनी ते बाहेर टाकू शकत नाही, ते रक्तात साचतं आणि हृदयच थांबतं. यावलमध्ये राहून केळी बंद, हे ऐकून बन्सीलाल हसला. लिलाबाई हसली नाही.

मुलगा प्रशील पुण्यात कंपनीत होता. त्यानं आठवडाभरात कुरिअरनं काटा पाठवला. पुस्तकासारखा चपटा, वर काच, पुढे आकडे उमटणारी छोटी खिडकी. फोनवर त्यानं आईला सगळं दाखवलं. रिकामी वाटी ठेवायची, बटण दाबून शून्य करायचं, मग वाटीत पीठ टाकायचं. "आई, अंदाजे नाही हं," तो पुन्हा पुन्हा म्हणाला. "तुझा अंदाज लग्नाच्या जेवणाला ठीक आहे. इथं बाबांच्या जिवाचा प्रश्न आहे."

लिलाबाई त्या काट्यापुढं बसली. ज्वारीच्या पिठाची रोजची मूठ तिनं वाटीत टाकली आणि आकडा बघितला. मॅडमनी एका भाकरीला सांगितलेल्या वजनाच्या तो तिप्पट होता. तिनं अर्धं पीठ काढलं. अजून जास्तच. चिमटीनं काढत काढत तिनं आकडा जागेवर आणला, तेव्हा वाटीच्या तळाशी जे उरलं ते बघून तिला वाटलं, एवढ्याची भाकरी थापायची तर तळहातावरच थापावी लागेल.

पण तिनं केलं. सकाळी उठली की पहिलं काम दिवसभराचं मीठ तोलायचं. ते एका लहान डबीत काढून ठेवायचं. तेवढ्यातच दोन्ही वेळच्या भाज्या, डाळ, भाकरी सगळं बसवायचं. भाजी बारीक चिरून आधी तोलायची, मग कोमट पाण्यात भिजत घालायची, ते पाणी ओतून द्यायचं, पुन्हा नव्या पाण्यात शिजवायची, तेही ओतायचं. मेथीची, गवारीची, वांग्याची सारी चव मोरीतून वाहून जायची आणि पातेल्यात हिरवा चोथा राहायचा. त्याला फोडणी देताना तिला लाज वाटायची. आपल्या हातून हे असं काही शिजावं, आणि ते याच माणसाला वाढावं.

स्वतःसाठी तिनं वेगळं कधी केलं नाही. घरात ठेच्याचा वास आला तर तो कसा आवरेल, म्हणून तीही तेच खायची. त्याच मापात नाही, पण तेच. तिची हाडं वर आली, पोलकी सैल झाली. हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. सून शिल्पा दिवाळीला आली तेव्हा तेवढी म्हणाली, "आई, तुम्ही किती बारीक झालात." लिलाबाई म्हणाली, "वय झालं." तिथंच तो विषय संपला.

सुरुवातीला बन्सीलाल थट्टा करायचा. "लिला, मी काय जळगावचं सोनं हाये का? तोलू तोलू ठेवू राह्यली." ती म्हणायची, "सोनंच हाये," आणि दोघं हसायचे. मग थट्टा विरली. मग तो ताटाकडे बघून नुसता बसायचा. शेवटी घास तोंडात घेऊन न चावता तिच्याकडे बघत राहायचा. ती मान खाली घालून स्वतःच्या ताटातलं संपवायची.

दर थोड्या दिवसांनी जळगावला रक्त तपासायला जायचे. पुढच्या पावसाळ्यापर्यंत सूज उतरली, आकडे वर चढायचे थांबले. डॉक्टर खूश झाले. "बन्सीलालजी, हे श्रेय तुमचं नाही, तुमच्या मिसेसचं आहे," ते म्हणाले. "इतकं नेटानं करणारे फार थोडे असतात." लिलाबाईला आयुष्यात कोणी असं समोरासमोर म्हटलं नव्हतं. तिनं पदर सारखा केला. बन्सीलाल खिडकीबाहेर बघत होता.

त्याच दिवशी परत येताना जळगावच्या स्टँडवर त्याचे जुने सोबती भेटले. कँटीनपुढच्या बाकावर गरम भज्यांची थाळी होती. पितांबर ड्रायव्हर, याच्याच बरोबरीचा, त्यानं एक भजं उचलून बन्सीलालच्या हातात दिलं. लिलाबाईनं ते काढून घेतलं.

"वहिनी, एका भज्यानं काय होतं?" पितांबर म्हणाला.

"आजच्या मिठाचं माप झालं त्यायचं," ती म्हणाली. सरळ मनानं म्हणाली. डॉक्टरांची शाबासकी अजून कानात होती, म्हणून कदाचित जरा जोरातच म्हणाली.

मग पितांबर हसला आणि त्याच्याबरोबर बाकीचे. "माप झालं म्हणे. घरी काटा लावला का काय बन्सीभाऊले?" बन्सीलालही हसला, पण गाडीत बसल्यावर यावल येईपर्यंत तो तिच्याशी अक्षर बोलला नाही. ती गोष्ट ड्रायव्हर-कंडक्टरांच्या तोंडून तालुकाभर फिरली. 'काटेवाली' हे नाव तिथं पडलं.

त्यानंतर तो चोरून खायला लागला. शेजाऱ्यांकडे पेपर वाचायला जायचा आणि ओठाला तेल लागलेलं घेऊन यायचा. एकदा मिठाच्या बरणीत बोट घालताना सापडला. साठी उलटलेला माणूस, कधीकाळी भरलेली गाडी घाटातून एका हातानं वळवणारा, आणि बरणीत बोट. लिलाबाईनं त्याला काही म्हटलं नाही. बाजारातून कुलूप आणलं आणि किराण्याच्या कपाटाला लावलं. किल्ली पोलक्यात ठेवली. कुलूप लावताना आपल्याला वाईट वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. उलट बरं वाटलं, एक काळजी मिटली. आपलं मन असं निबर झालंय हे तिला कळत होतं, पण तो जिवंत होता, त्याचे पाय सडपातळ झाले होते आणि कागदावरचे आकडे जागेवर होते. त्यापुढं मनाचं कोण बघतो.

त्याची थोरली बहीण बेबाबाई चोपड्याला दिलेली. तिच्या मुलाची, रुपचंदची, थोडी जमीन होती, तीत केळी होती. बहीण भावावर जीव टाकणारी. आई लवकर गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं होतं. ती भेटायला आली तेव्हा दुपारचं जेवण होतं. लिलाबाईनं पाहुणीसाठी वेगळी डाळ केली होती, आणि वाढायच्या घाईत, बोलता बोलता, बन्सीलालच्या वाटीत त्याच्या मापाची डाळ एकदा पडली आणि वरून पाहुणीच्या पातेल्यातली आणखी एक पळी पडली. तो जेवायला लागला होता. लिलाबाईच्या ध्यानात आलं. तिनं वाकून त्याच्या पुढ्यातली वाटी उचलली.

"चुकून जास्त पडली," ती म्हणाली. "परत तोलून देते."

बन्सीलालचा हात भाकरीचा तुकडा धरून तसाच राहिला. बेबाबाई एवढी वर्षं चोपड्याकडे राहून तिकडचीच अहिराणी बोलायची. ती म्हणाली, "जेवता माणूसना पुढली वाटी कोन काढस वं लिला? कुत्राना पुढली बी कोनी काढत नही."

"अक्का, डॉक्टरनं सांगितलंय."

"डॉक्टरनी सांगं आन तू काटा धरीसन बसनी." बेबाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ती ताटावरून उठली. "मी भाऊले चार दिन लई जास. मना घर बठ्ठं शे, काई कमी नही. त्याले जरा माणूससारखा राहू दे."

लिलाबाईनं बन्सीलालकडे बघितलं. तो नाही म्हणेल असं तिला वाटलं. त्यानं तुकडा ताटात ठेवला, हात धुतले आणि खुंटीवरची पिशवी काढली.

तिनं मग भांडण केलं नाही. स्वयंपाकघरात गेली आणि काट्यापुढं बसली. एकेका जेवणाचं पीठ, डाळ, मीठ वेगवेगळं तोलून लहान लहान पिशव्यांत बांधलं. सकाळची वेगळी, संध्याकाळची वेगळी. गाठीला रंगीत दोरा बांधला, म्हणजे अक्काला वाचायची पंचाईत नको. सगळं बेबाबाईच्या हातात देऊन म्हणाली, "अक्का, पाया पडते, केळी तेवढी देऊ नका. बाकी काही झालं तरी केळी नको."

बेबाबाईनं पिशवी घेतली. ती काखेत मारली आणि भावाच्या मागे ओट्याखाली उतरली.

दुसऱ्या दिवशी बन्सीलालचा फोन आला. त्याचा आवाज तिनं कित्येक महिन्यांत असा ऐकला नव्हता. "लिला, वरण-बट्टी केली व्हती अक्कानं. तुपात बुडवून. वांग्याची घोटलेली भाजी. तू असती तर..." तो थांबला. "तू बी खाल्ली असती."

"केळी?" ती म्हणाली.

"आता सुरू झाली तू," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

चोपडा काही लांब नाही. गाडी दर तासाला आहे. ती जाऊ शकत होती, त्याला घेऊन येऊ शकत होती. ती गेली नाही. हे तिनं पुढे कोणाला सांगितलं नाही, पण त्या दिवशी सकाळी उठल्यावर तिला आधी मिठाची डबी आठवली आणि मग आठवलं, की आज तोलायचं नाही. ती पुन्हा आडवी झाली. उन्हं दारात येईपर्यंत झोपली. कपाटाचं कुलूप तिनं लावलं नाही, भाजी चिरली नाही, पाणी ओतलं नाही. शेजारणीकडे बसून गप्पा मारल्या. चार दिवस तो तिकडे राहिला तर राहू दे, असंच तिला वाटलं. आणि तसं वाटल्याचं तिला त्या क्षणी वाईटही वाटलं नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रुपचंदचा फोन आला. मामा उठताना पाय जड झालेत म्हणत होता, मग ओट्यावर बसल्या जागी कलंडला. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, ईसीजीची पट्टी निघते न निघते तोच सगळं आटोपलं. लिलाबाई चोपड्याला पोचली तेव्हा त्याला चादरीखाली ठेवलं होतं. चेहरा भरलेला दिसत होता. बेबाबाई त्याच्या पायाशी आक्रोश करत होती.

प्रशील पुण्याहून आला. चोपड्याच्या डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, की ईसीजीच्या पट्टीवरून पोटॅशियम फार वाढलेलं दिसतं, काय खाल्लं होतं. प्रशीलनं रुपचंदला विचारलं. रुपचंद खालमानेनं म्हणाला, "केळी खाल्ली भाऊ. घरची होती. मामानंच मागितली." दोन दिवस सकाळ-संध्याकाळ खाल्ली होती. प्रशीलनं हे आईला सांगितलं. केळीनंच घात केला हे दोघांखेरीज तिसऱ्या कोणाला कळलं नाही, रुपचंद सोडून.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी यावलच्या घरासमोर मांडव टाकला होता. भंतेजींनी त्रिसरण-पंचशील दिलं, परित्राण पाठ झाला. मग एकेक जण उठून दोन शब्द बोलला. पितांबर बोलला, की बन्सीभाऊसारखा दिलदार माणूस डेपोत झाला नाही, खाऊन-पिऊन सुखी माणूस होता, शेवटी शेवटी मात्र... आणि तो थांबला. बेबाबाईला कोणी बोलायला सांगितलं नव्हतं. ती बसल्या जागेवरूनच म्हणाली, "मना घर दोन दिन पोटभर जेवना मना भाऊ. हासना, बोलना. तेवढंच त्याना नशिबमां व्हतं."

भाऊ दोन दिवस हसला-बोलला, हे ऐकून मांडवातल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मग त्या सगळ्यांनी लिलाबाईकडे बघितलं.

लिलाबाईनं प्रशीलकडे बघितलं. तो सतरंजीच्या काठाचा दोरा उसवत बसला होता. तो उठेल, दोन वाक्यं बोलेल, डॉक्टर काय म्हणाले ते सांगेल, असं तिला वाटत होतं. पाणी देणारा पोरगा रांगेतून फिरून गेला, भंतेजींनी डोळे मिटून आशीर्वाद गाथा म्हटली, माणसं जेवायला उठली. प्रशील उठला नाही.

पाहुणे पांगल्यावर तिनं त्याला विचारलं. "तू बोलला काहून नाही?"

"कसं बोलणार, आई?" प्रशील म्हणाला. "आत्यानं मुद्दाम केलं का? तिला कळलं असतं तर ती आयुष्यभर झुरली असती. या वयात तिला ते झेपलं नसतं."

लिलाबाई सतरंजीची घडी घालायला लागली.

"आणि एक सांगू?" तो म्हणाला. आवाज मऊ होता, समजावणीचा होता, कंपनीतल्या मीटिंगमध्ये असेल तसा. "मी तुझी चूक म्हणत नाही. पण तू थोडं सैल सोडायला हवं होतंस. बाबा फार कोमेजले होते. मला फोनवर म्हणायचे, घरात कैदी असल्यासारखं वाटतं. इतकं नसतं ताणलं, तर ते आत्याकडे तुटून पडले नसते."

"अंदाजे नाही म्हणून तूच सांगत होता."

"हो, पण... इतकं शब्दशः नाही गं."

तिला बरंच बोलायचं होतं. मीठ शब्दशः नाही तर कसं तोलतात, हे तिला विचारायचं होतं. पण तो दमलेला दिसत होता आणि त्याचे केस पुढून विरळ झाले होते. ती म्हणाली, "जेव दोन घास." तो म्हणाला, भूक नाही.

जाताना बेबाबाईनं एक पिशवी ओट्यावर ठेवली होती. लिलाबाईनं ती नंतर उघडली. आत तिनं तोलून बांधलेल्या लहान पिशव्या होत्या, सगळ्याच्या सगळ्या, गाठी जशाच्या तशा. एकाही दोऱ्याला हात लागला नव्हता. तिनं एकेक गाठ सोडली, पीठ पिठाच्या डब्यात ओतलं, डाळ डाळीत, मीठ मिठात. टाकून देण्यासारखं त्यात काही नव्हतं.

त्यानंतर ती पुन्हा आपल्यापुरतं रांधायला लागली. पहिल्यांदा मिरचीचा ठेचा केला, पूर्वी करायची तसा. घास जिभेवर ठेवला आणि डोळ्यांत पाणी आलं. तिखटानं नाही, मिठानं. नुसतं मीठच लागत होतं. तिनं ठेचा शेजारणीला चाखायला दिला. शेजारीण म्हणाली, "मीठ घालायचं राह्यलं का काकू?" तेव्हा लिलाबाईला कळलं, की आपल्या जिभेवरून चव गेली आहे, आणि हातातूनही.

वैशाख पौर्णिमेला विहारातून नेहमीसारखं बोलावणं आलं. बायकांनी मोठ्या मनानं बोलावलं, दुःखातून बाहेर यावं म्हणून. पातेलं पुढ्यात आलं. तिनं पदर खोचला, मूठ भरली, आणि हात पातेल्यावर आला तशी बोटं आपोआप आवळली. सैल होईनात. थोडं सुटलं, पुन्हा आवळली. पंगतीत भाजी आळणी निघाली. लोक वरून मीठ मागत होते. कोणीतरी हसून म्हणालं, "काकूनं काटा नही आणला आज." फार वाईट हेतूनं म्हटलं नसावं. पुढच्या कार्यक्रमाला दिपमाला म्हणून तरुण बाई आहे वस्तीत, तिला बोलावलं. आता तीच करते.

परवा लिलाबाईच्या दारात एक मुलगी आली. कामिनी नावाची, चोपडा रोडच्या नव्या कॉलनीतली, केळीवाल्या पाटलांची सून. लग्नाला फार वर्षं झालेली नसावीत. हातात खोका होता, त्यावरचं प्लास्टिकही काढलं नव्हतं. नवऱ्याला, जितेंद्रला, तोच आजार निघाला होता. जळगावच्या मोहिनी मॅडमनी सांगितलं होतं, की यावलमध्ये एक काकू आहेत, त्यांच्यासारखं पथ्य कोणीच केलं नाही, त्यांच्याकडून शिकून घ्या.

"मले काही येत नाही आता," लिलाबाई म्हणाली.

मुलगी दारातच उभी राहिली. "घरी सासूबाई म्हणतात, तरणाताठा माणूस, खाऊ दे पोटभर. मोजायला बसायचं म्हटलं की मला रडू येतं काकू. अजून खोकासुद्धा उघडलेला नाही."

लिलाबाईनं तिला आत घेतलं. स्वयंपाकघरात फरशीवर दोघी बसल्या. खोका उघडला, सेल बसवले. लिलाबाईनं वाटी ठेवली, बटण दाबलं. "आधी वाटीचं वजन काढायचं. शून्य आलं की मग पीठ. घाई नाही करायची. आकडा थांबेपर्यंत श्वास घ्यायचा." कामिनीनं पीठ टाकलं, जास्त पडलं, चिमटीनं काढलं. भाजीचं पाणी कसं ओतायचं, दिवसाचं मीठ सकाळीच कसं बाजूला काढायचं, सगळं लिलाबाईनं करून दाखवलं. करता करता तिचा हात सराईत चालत होता.

"आणि दार लावून तोलत जा," ती शेवटी म्हणाली. "सासूले दिसू देऊ नको. त्यालेही दिसू देऊ नको. ताटात आलं म्हणजे ते जेवण दिसलं पाहिजे, वजन नाही. मी ते केलं नाही."

कामिनीनं मान हलवली. खोका छातीशी धरून ती ओट्यापर्यंत आली. बाहेरच्या खोलीत बन्सीलालचा फोटो नव्हता. प्रशील मोठा करून आणतो म्हणाला होता, अजून आणलेला नाही. चपला घालता घालता मुलगी म्हणाली, "काकू, एवढं केल्यावर काकांना गुण आला का?"

"आला. डॉक्टरनं स्वतः सांगितलं."

"मग बरं." तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. "कुठे आहेत काका? दिसले नाहीत."

लिलाबाईनं तिच्याकडे बघितलं. दुपारच्या उन्हात गल्ली रिकामी होती. समोरच्या ओट्यावर मात्र शेजारीण धान्य निवडत बसली होती, तिचे हात थांबले होते.

"चोपड्याला गेलेत," लिलाबाई म्हणाली. "बहिणीकडे."

मुलगी गाडीवर बसून निघून गेली. शेजारणीनं खाली मान घालून पुन्हा धान्य निवडायला घेतलं. लिलाबाई आत आली आणि फरशीवर सांडलेलं पीठ ओल्या फडक्यानं पुसून काढलं.